फॉइलखालच्या काचपट्ट्या

१

प्रमोदिनी दामल्यांचं डोकं ज्या वस्तूनं फोडलं होतं ती मध्यम कलिंगडाएवढी होती आणि भरीव धातूची होती. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातला तो रोटर. उचलायला दोन्ही हात लागतात. मारणाऱ्यानं तो बऱ्याचदा उचलला होता. पहिल्या घावात बाई खाली पडल्या असणार, बाकीचे सगळे घाव पडलेल्या बाईवर बसले होते. कवटीची एक बाजू शिल्लकच नव्हती. एका हाताची बोटं उलटी वाकलेली होती, कारण बाईंनी शेवटी डोक्यावर हात धरला होता.

इन्स्पेक्टर रसिका भोईरनं खाडीतली प्रेतं पाहिली होती, लग्नाच्या मांडवात कोयत्यानं पडलेली माणसंही पाहिली होती. तरीही तिला मोकळा श्वास घ्यायला खिडकीपाशी जावं लागलं. खिडकीचे पडदे ओढलेले होते.

"पडदे कुणी ओढले?" तिनं विचारलं.

"आम्ही आलो तेव्हापासून असेच आहेत, मॅडम," हवालदार साईनाथ म्हणाला. "लाइटपण बंद होती. त्या मॅनेजरनं अंधारात पाय टाकला आणि थेट रक्तात आडवा झाला."

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही लॅब. आजूबाजूला रंगाचे आणि औषधांचे कारखाने, मधोमध ही पांढरी, दुमजली, सोवळी इमारत. इथे अँटीबॉडी तयार व्हायच्या आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना जायच्या. प्रमोदिनीबाई इथल्या तपासणी विभागाच्या प्रमुख. त्यांनी पास केल्याशिवाय एक बाटली बाहेर जात नसे. त्यांचा लॅपटॉप मात्र गायब होता, आणि भिंतीतून ओढलेली त्याची वायर लोंबत होती.

रसिकाला चोरी पटेना. बाहेरच्या बोळातला दिवा रात्रभर जळत होता. बाईंच्या केबिनमधलाही जळत होता. लपवाछपवी करणारा माणूस सगळे दिवे घालवतो. इथे फक्त या एका खोलीतला दिवा घालवलेला होता आणि बटणावर रक्ताळलेल्या हातमोज्याचा डाग होता.

टेबलावर, मृतदेहापासून हातभर अंतरावर, डब्याएवढी एक पेटी होती. चंदेरी फॉइलमध्ये नीट गुंडाळलेली, कडा आत दुमडलेल्या. टेबलावर सगळीकडे रक्ताचे शिंतोडे होते आणि फॉइल लख्ख होता. रसिकानं हातमोजे घालून तो उलगडला. आत पारदर्शक झाकणाची प्लास्टिकची पेटी होती, आणि त्या झाकणावर रक्ताचे थेंब होते. फॉइल लागून ते थोडे पसरले होते.

पेटीत ओल्या कागदावर काचपट्ट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर पाण्याचा एकेक थेंब, बाकी काही नाही.

"साईनाथ, बघ हे. आधी बाईला मारलं. नंतर ही पेटी झाकली."

"मारल्यावर? कशाला?"

तेच तर रसिकाला कळत नव्हतं. समोर बाईचा मेंदू फरशीवर सांडलाय आणि हा माणूस रुखवत झाकावं तशी पेटी झाकत बसला होता.

२

मॅनेजर साकेत कर्णिकचा शर्ट रक्तानं माखलेला होता, पण ते त्याच्या घसरण्याचं रक्त होतं. पाठीवर आणि कोपरांवर होतं, छातीवर एक थेंब नाही. पोर्चमधल्या बाकावर बसून तो बोलत होता आणि मध्येच उलटी करायला उठत होता.

"मी कॉमर्सवाला माणूस, मॅडम. विक्री बघतो. त्या खोलीत मी वर्षाकाठी दोनदा जातो, तेही दसऱ्याला पूजेला आणि ऑडिटला. त्या पेटीत काय आहे मला विचारू नका. माझ्यासाठी सगळ्या बाटल्या सारख्याच."

"बाईंचं कुणाशी वाकडं होतं?"

"कुणाशी नव्हतं ते विचारा. काल इथे पेढे वाटले मी. गुप्ते सरांचा नागपूरला सत्कार झाला ना, त्यांच्या अँटीबॉडीबद्दल. बाईंनी पेढा हातात घेतला नाही. 'कशाचा पेढा?' म्हणाल्या आणि तोंडावर दार लावून घेतलं." तो घुटमळला. "आणि संध्याकाळी हेमांगीशी जोरात वाजलं त्यांचं. वरपर्यंत आवाज येत होता."

हेमांगी राऊत ही कळव्याची मुलगी, लॅबमधली संशोधक. गेटवरचा वॉचमन महिपत म्हणाला, "मी इथंच बसलेलो. पोरगी रडत बाहेर पडली. पण मागं सशांच्या खोलीकडनं एक दार हाय, ते मला इथनं दिसत नाय. त्याची चावी चौघांकडं. बाई, मॅनेजर, गुप्ते साहेब आणि ती पोरगी."

हेमांगीच्या लॉकरमध्ये पांढरा एप्रन सापडला. त्याच्या बाह्यांवर रक्त होतं.

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना एवढं पुरेसं होतं. फोनवर ते खुशीत होते. "भांडण आहे, चावी आहे, रक्त आहे. आणि तूच सांगतेस की मारणारा लॅबमधला आहे, पेटी जपणारा. पेटी कुणाची?"

"हेमांगीची, सर. पेटीवर चिकटवलेल्या लेबलवर तिचीच अक्षरं आहेत."

"मग अजून काय पाहिजे तुला? उद्या सकाळी कल्याण कोर्टात उभी करायची तिला."

रसिकाच्या डोक्यात तिडीक गेली, पण साहेबांच्या बोलण्यात खोट काढता येईना. फॉइलचा धागा तिनंच त्यांच्या हातात दिला होता.

३

दुपारी डॉक्टर विश्राम गुप्ते आले. ठाण्यात वर्तकनगरला घर, साठीचं वय, खादीचा कुर्ता, आवाज असा की ऐकणाऱ्यानं वही काढावी. ज्या अँटीबॉडीवर ही लॅब उभी होती ती त्यांची. चार दिवस नागपुरात होते. काल संध्याकाळी विमानतळावरून टॅक्सीनं थेट घरी गेलो, असं ते म्हणाले. डोळे लाल होते. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. सत्काराची ट्रॉफी उचलताना मुरगळलं म्हणाले, आणि स्वतःच कसनुसं हसले.

"बाईंनी काल तुम्हाला फोन केलेला दिसतो."

"हो. अभिनंदन करायला."

रसिकानं मान हलवली. पेढा न घेणारी बाई फोन करून अभिनंदन करते, हे तिनं मनात बाजूला ठेवलं.

"तुमची अँटीबॉडी नेमकं काय करते, सर? मला शाळेतल्या पोरीला सांगाल तसं सांगा."

गुप्त्यांचा चेहरा उजळला. खून, पोलीस सगळं क्षणभर मागे पडलं. "आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींचा हात धरून राहतात. म्हणून कातडी कातडी असते. तो हात म्हणजे एक प्रथिन, ई-कॅडहेरिन. अँटीबॉडी फक्त त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते. तिला रंग जोडला की हात कुठे आहेत ते दिसतं. स्तनाच्या एका जातीच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन नाहीसं होतं, पेशी सुट्या होतात. डॉक्टर माझी अँटीबॉडी लावून बघतात आणि कॅन्सर कुठल्या जातीचा ते ठरवतात. पंधरा वर्षं बघताहेत."

बोलत बोलत ते खोलीच्या दारापर्यंत आले. मृतदेह हलवला होता. फरशी पुसली नव्हती, रक्त काळं पडून चिरलं होतं. गुप्त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर टेबलावर गेली आणि ते ताडताड आत शिरले. पेटी ट्यूबलाइटखाली उघडी पडली होती. पोलिसांच्या लोकांनी झाकणावरचं रक्त टिपून नेलं होतं, फॉइल नेला होता, आणि पाण्याचे थेंब असलेल्या काचांशी आपल्याला काय करायचंय म्हणून पेटी तिथेच ठेवली होती.

"फॉइल कुणी काढला?" त्यांनी कुर्त्यावरचं उपरणं ओढून पेटीवर टाकलं. "उजेडात ठेवलंत तुम्ही? माझं महिन्याचं काम आहे हे."

"माहीत नव्हतं, सर," रसिका म्हणाली.

"रंग विटतो उजेडानं." त्यांचा आवाज खाली आला. "माफ करा. सवय आहे. प्रमोदिनी गेली आणि मी काचा झाकतोय. माणूस विचित्र असतो."

साईनाथला भरून आलं. रसिकालाही वाईट वाटलं, हे खरं.

४

मानपाडा ठाण्यात पोचेपर्यंत दारात गर्दी झाली होती. बातमी फुटली होती. प्रमोदिनीबाईंचा मुलगा नील, इंजिनीअरिंगला असलेला, तो आईचं प्रेत बघून थेट इथे आला होता. हेमांगीला जीपमधून उतरवताना तो दोन शिपायांच्या मधून घुसला आणि हातातलं हेल्मेट त्यानं सगळ्या जोरानं तिच्या तोंडावर मारलं. दात फुटल्याचा आवाज रसिकाला ऐकू आला. दुसऱ्या फटक्याला साईनाथनं हात मध्ये घातला आणि साईनाथचंच बोट मोडलं. तिसऱ्या फटक्याआधी रसिकानं नीलला मागून मिठी मारून भिंतीवर दाबलं. तो लाथा झाडत राहिला, मग एकदम तिच्या खांद्यावर डोकं टाकून रडायला लागला.

"आईचा चेहरा नाहीये, मॅडम," तो म्हणाला. "चेहराच नाहीये तिला."

रसिकानं त्याला पाणी पाजलं आणि बसवून ठेवलं.

आत हेमांगी ओठाला रुमाल दाबून बसली होती. रुमाल लाल झाला होता. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याचंच रसिकाला जास्त लागलं.

"एप्रनवरचं रक्त कुणाचं?"

"सशांचं. काल अँटीबॉडीसाठी सशांचं रक्त काढायचा दिवस होता. तपासून घ्या."

"तपासतील, पण रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तुला उद्या कोर्टात नेणारेत. भांडण कशावरून झालं?"

"काचांवरूनच. सर नागपूरला जाताना सांगून गेले होते की माझ्या पेपरच्या स्लाइड्स करून ठेव. मॅडम म्हणाल्या, त्या राहू देत बाजूला, आधी माझ्या कर. नुसते नंबर घातलेल्या स्लाइड्स दिल्या. कशाच्या पेशी आहेत तेही सांगितलं नाही. त्यांची पद्धतच होती तशी. करणाऱ्याला माहीत असलं की तो पाहिजे तेच बघतो, म्हणायच्या. मी म्हटलं, सर रागावतील. तर म्हणाल्या, तुझे सर माझ्यावर रागावू देत." तिनं रुमालाची घडी उलटी केली. "मी ओरडले त्यांच्यावर. सरांवर जळता म्हणाले. मग अँटीबॉडीचे थेंब घालून, पेटी बंद करून निघाले. रात्रभर ठेवायचं असतं ते."

"फॉइल लावून?"

"नाही. नुसतं झाकण."

"का? उजेडानं रंग विटतो ना?"

हेमांगीनं रुमाल बाजूला केला. "तो चमकणारा रंग वापरला तर. आमच्याकडे नेहमी तोच असतो, आणि मग फॉइल, पडदे, लाइट बंद, सगळं करतो. पण तो रंग बघायच्या मायक्रोस्कोपचा दिवा मंगळवारी उडाला. म्हणून मॅडम म्हणाल्या, तपकिरी पद्धतीनं कर. तिला उजेडाचं काही नाही. उन्हात ठेवा, फरक पडत नाही."

रसिका खुर्चीत पुढे सरकली. पडदे, दिवा आणि फॉइल, तिन्ही एकदम तिच्या पुढ्यात येऊन बसले.

"बघून कळतं का, आत कुठली पद्धत आहे ते?"

"नाही. दोन्हीकडे थेंबच दिसतो."

"दिवा उडाल्याचं कुणाला माहीत होतं?"

"मला, मॅडमना. साकेतना, त्यांनी नवीन मागवला. सरांना मुद्दाम कळवलं नव्हतं. सत्कारात कशाला त्रास." आणि मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तुम्ही हे का विचारताय?"

बाहेर साईनाथ मोडकं बोट धरून उभा होता. त्याला रसिकानं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "पण मॅडम, पोरीनं मुद्दाम झाकली असेल तर? आपल्याला फसवायला?"

"असं फसवायचं तर समोरच्याला दोन रंगांतला फरक माहीत असायला हवा. मला दुपारपर्यंत पेशी म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. माझ्यासाठी इतकी मेहनत कोण करेल? आणि साकेत झाकणार नाही, त्याला काचा आणि बरण्या सारख्याच. ज्याच्या हाडामासात ही कामाची सवय आहे, आणि ज्याला दिवा उडाल्याचं ठाऊक नाही, असा माणूस एकच. तू त्या विमानतळाच्या टॅक्सीवाल्याला शोध."

५

संध्याकाळी लॅबच्या दुसऱ्या खोलीत रसिकानं गुप्त्यांना बोलावून घेतलं. हेमांगी तिथे आधीच कामाला लागली होती. साहेबांशी भांडून रसिकानं तिला आणलं होतं. उद्या ती पोरगी कोर्टात उभी राहिली की पुढची कित्येक वर्षं तिला आरोपी म्हणून ओळखतील, आणि पुराव्याच्या नावानं रसिकाकडे होती ती ही पेटी. ओठ सुजून हेमांगीचं तोंड वाकडं झालं होतं. हात मात्र स्थिर होते. तिनं पेटीतल्या पहिल्या दोन काचा धुतल्या, दुसरी बाटली, पुन्हा धुतल्या, मग तिसरी.

"हे काय चाललंय?" गुप्ते म्हणाले. "ट्यूबलाइटमध्ये? हेमांगी, तुला वेड लागलंय का?"

"तपकिरी आहेत, सर," ती मान वर न करता म्हणाली. "दिवा मंगळवारी उडाला."

गुप्त्यांचा डावा हात उजव्या मनगटावरच्या बँडेजवर गेला.

"या काचांवर काल संध्याकाळी फॉइल नव्हता, सर," रसिका म्हणाली. "खून झाला तेव्हाही नव्हता, रक्त झाकणावर पडलंय. मारणाऱ्यानं बाईला संपवलं, लॅपटॉप घेतला आणि निघताना त्याचं लक्ष या पेटीकडे गेलं. हेमांगीची अक्षरं दिसली. त्याला वाटलं, आपल्या पेपरच्या स्लाइड्स, उघड्या उजेडात. मग त्यानं फॉइल लावला, पडदे ओढले, दिवा घालवला. आज दुपारी तुम्ही आत आल्या आल्या विचारलंत, फॉइल कुणी काढला."

"कुणीही विचारेल. मी गृहीत धरलं. अशा काचांवर फॉइल असतोच."

"तुम्ही गृहीत धरलंत. तेच म्हणतेय मी. या इमारतीत तसं गृहीत धरणारे तुम्ही एकटेच होतात."

"हा पुरावा नाही, बाई. हा तर्क आहे." आवाज अजून प्राध्यापकाचाच होता. "आणि मी प्रमोदिनीला का मारीन?"

"ते मलाही माहीत नाही," रसिका म्हणाली. "हेमांगी बघतेय."

हेमांगीनं पहिली काच साध्या मायक्रोस्कोपखाली सरकवली. बराच वेळ ती डोळा लावून होती. मग दुसरी काच, मग पुन्हा पहिली.

"बोल, अगं," रसिका म्हणाली.

"पहिल्या काचेवर पेशी एकमेकींना धरून बसल्यात. घोळक्यानं. त्यांच्यात प्रथिन आहे, त्या तपकिरी झाल्यात, बरोबर आहे." तिनं काच बदलली. "दुसरीवर एकही पेशी दुसरीला धरून नाही. सगळ्या सुट्या. प्रथिन नसलेल्या पेशी अशाच दिसतात. यांच्यावर रंग चढायलाच नको. आणि याही तपकिरी आहेत, सर. इकडून तिकडे, सगळ्या. ही अँटीबॉडी कशालाही चिकटतेय."

"तुम्ही शिकवलंत मला हे बघायला," हेमांगी म्हणाली आणि रडू लागली. "बायकांचे रिपोर्ट यावर होतात, सर."

गुप्ते हलले ते इतक्या वेगानं, की साठीच्या माणसाकडून ते अपेक्षित नव्हतं. डाव्या हाताची झडप घालून त्यांनी दोन्ही काचा मुठीत चिरडल्या. बोटांमधून रक्त आलं. त्याच हातानं टेबलावरची जाड काचेची बाटली उचलून त्यांनी कडेवर फोडली आणि ते हेमांगीच्या गळ्यावर धावले. रसिकानं स्वतःचा हात मध्ये घातला. बाटलीची धार कोपरापासून मनगटापर्यंत उतरली आणि बाही लाल झाली. ती त्यांच्यासकट कपाटावर आदळली, बरण्या खाली कोसळल्या, दोघं काचांच्या ढिगात पडले. गुप्त्यांच्या हातात अजून बाटलीचा गळा होता आणि तो तिच्या डोळ्याच्या दिशेनं येत होता. तिनं त्यांचं बँडेजवालं मनगट पकडलं आणि पिळलं. आतून कडकड असा आवाज आला. ते किंचाळले.

रोटर दोन्ही हातांनी उचलताना मुरगळलं होतं ते. ट्रॉफीनं नव्हे.

६

गुप्ते नंतर बोलले ते भरभरून, काचांनी चिरलेल्या त्यांच्या हाताला टाके घालत असताना. पंधरा वर्षांपूर्वीची अँटीबॉडी खरी होती. ती बनवणाऱ्या पेशी थंडगार टाकीत ठेवलेल्या होत्या. एका उन्हाळ्यात वसाहतीतली वीज दोन दिवस गेली, जनरेटर चालला नाही आणि त्या सगळ्या मेल्या. गुप्त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नेहमीच्या तपासणीत खपेल अशी मिळतीजुळती दुसरी घेतली, तोच शिक्का लावला आणि होईल काहीतरी, या आशेवर विकत राहिले. बाईंच्या लक्षात आलं ते यंदा. त्यांनी फोन करून सांगितलं की सगळी मापं माझ्या लॅपटॉपवर आहेत, उद्या सगळ्या हॉस्पिटलांना कळवणार आहे. टॅक्सीवाल्यानंही सांगितलं, साहेबांना घरी नाही, मानपाडा रोडला सोडलं होतं.

"मी विनवण्या केल्या तिला," गुप्ते म्हणाले. "ती म्हणाली, आधी त्या बायकांना विनव."

रसिकानं पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवला आणि ती बाहेर आली. बाकावर नील बसला होता, आणि थोडं अंतर सोडून हेमांगी. मुलाला साईनाथनं सगळं सांगितलं होतं. तो तिच्या सुजलेल्या तोंडाकडे बघत होता.

"मॅडम," हेमांगीनं विचारलं, "सरांनी काचा फोडल्या. मग पुरावा गेला?"

"बाईंनी तुला दोनच दिल्या होत्या का?"

हेमांगीला मग आठवलं. पेटीत सहा होत्या. चार अजून धुवायच्या ठेवल्या होत्या.

"या मॅडमच्या काचा आहेत हे सरांना ठाऊक नव्हतं," ती हळूच म्हणाली. "काल रात्री पेटी त्यांच्या हातात होती. झाकण उघडून नुसतं बोट फिरवलं असतं काचांवर, तर सगळं पुसलं गेलं असतं. त्याऐवजी त्यांनी कडा दुमडून फॉइल लावला. आम्हाला शिकवला तसाच."

नील उठला, तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "त्या चार पूर्ण कराल का? आईचं काम आहे ते."

हेमांगीनं मान हलवली. दोघं जीपकडे निघाले तेव्हा तिनं चालता चालता केस वर बांधले, हातमोजे घालण्याआधी लॅबमध्ये बांधतात तसे.